खुराकाची वर्गणी

२०२२ च्या ऑक्टोबरात शेजारचे निवृत्त डेंटिस्ट पानं ओढायचं दाताळं हातात घेऊनच आमच्या दारात आले. सगळा मोहल्ला त्यांना डॉक म्हणतो. "तू हिशेबाचं काम करतेस ना? आम्हाला खजिनदार हवाय," एवढंच म्हणाले. मला वाटलं चर्चचं काहीतरी असेल. निघालं वेगळंच. आमच्या गावातल्या विद्यापीठाच्या खेळाडूंसाठी पैसे उभे करायचे होते. पुढची तीन वर्षं माझे बहुतेक शनिवार त्यात गेले. गावाचं आणि विद्यापीठाचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांनी पैसे दिले आणि ज्यांनी दिले नाहीत ती सगळी माणसं मला रोज भेटतात. मिडवेस्टमधलं, मक्याच्या शेतांनी वेढलेलं गाव, एवढं पुरे.

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे काय चीज आहे ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. सामन्याच्या शनिवारी आमच्या गावात गाडी लावायला जागा मिळत नाही. तिकिटं, टीव्हीचे हक्क, जर्सी, प्रशिक्षकांचे डोळे दिपवणारे पगार, सगळं त्या खेळावर चालतं. आणि ज्यांच्या जिवावर हे चालायचं त्या पोरांना शिष्यवृत्ती आणि राहण्याजेवणाच्या खर्चापलीकडे, स्वतःच्या नावावर किंवा चेहऱ्यावर, एक डॉलर कमवायची मुभा नव्हती. एड ओ'बॅनन नावाच्या जुन्या बास्केटबॉलपटूने आपल्यासारखा दिसणारा खेळाडू व्हिडिओ गेममध्ये पाहिला आणि २००९ मध्ये कोर्टात गेला. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने ती मुभा देणारा कायदा केला. २१ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएच्या, म्हणजे कॉलेजच्या खेळांची नियामक संस्था आहे तिच्या, विरोधात ९-० असा निकाल दिला. तो खटला शिक्षणाशी निगडित लाभांपुरता होता, पण वारं फिरलं. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपलं नाव, छबी आणि ओळख वापरून पैसे मिळवायची मोकळीक मिळाली. त्यालाच इथे एनआयएल म्हणतात.

आणि संघाच्या मागे पैसा घेऊन उभे राहणारे जे चाहते, ते बूस्टर. या शब्दाला आधी वास यायचा. १९८७ मध्ये टेक्सासच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठाचा फुटबॉलचा (इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे) अख्खा मोसम एनसीएएने रद्द केला, कारण बूस्टर खेळाडूंना गुपचूप पैसे देत होते. त्या धसक्यात वाढलेली पिढी डॉकची. त्यांनी मला सांगितलेली एक गोष्ट मी विसरत नाही. त्याच वर्षांतली, नोव्हेंबरची संध्याकाळ, बर्फमिश्रित पाऊस. बसस्टॉपवर त्यांच्या संघाचा एक पोरगा भिजत उभा होता. डॉकनी गाडीचा वेग कमी केला, आणि मग पुढे निघून गेले. आपण देणगीदार, आपण याला लिफ्ट दिली आणि उद्या तो 'नियमबाह्य लाभ' ठरला तर पोराचं करिअर जाईल, ही भीती. "नियम काय होता हे मी तपासलंही नाही. आरशात तो दिसत होता," ते म्हणाले. पस्तीस वर्षांनी सांगतानाही त्यांचा आवाज बदलला होता.

मी हो म्हटलं त्यामागे डॉक होतेच, पण त्याहून जास्त माझं माहेर होतं. मी कोल्हापूरची. आमच्या पेठेत तालीम म्हणजे फक्त कुस्तीचा आखाडा नव्हे. गणपतीही तालमीचा आणि फुटबॉलचा संघही तालमीचा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ यांचे शाहू स्टेडियमवरचे सामने ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. माझे वडील आमच्या तालमीचे खजिनदार होते. त्यांच्या खिशात पावतीपुस्तक आणि शाईपेन कायम. पहिलवान गरीब घरचा असला की त्याचा खुराक, बदाम, तूप, दूध, पेठेतून निघायचा. त्यात कुणाला काही गैर वाटत नसे. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला गेले तेव्हा गावाने वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. खाशाबा त्याच कॉलेजचे विद्यार्थी. तेव्हा कॉलेजच्या खेळाडूसाठी पैसे गोळा करणं यात मला शरमेसारखं काही दिसलंच नाही. फक्त पावती असली पाहिजे.

आमच्या संस्थेला इथल्या रूढ शब्दात कलेक्टिव्ह म्हणायचे. सहा जणांचं मंडळ, वेगळं बँक खातं. विद्यापीठाच्या तिजोरीशी संबंध नाही. चाहत्यांकडून पैसे घ्यायचे आणि ते खेळाडूंना द्यायचे, पण नुसते उचलून नाही. खेळाडूने त्याबदल्यात खरंखुरं काम केलं पाहिजे. फूड बँकेत, म्हणजे गरजूंना मोफत अन्नधान्य देणाऱ्या संस्थेत, चार तास, शाळकरी मुलांचं शिबिर, सह्यांचा कार्यक्रम, इन्स्टाग्रामवर पोस्ट. करारात 'इतके गुण केले तर इतके पैसे' असं लिहिता येत नाही, आणि 'आमच्या विद्यापीठात आलास तर' असंही नाही. पहिला करार मी वाचला तेव्हा त्यात कामाचा रकाना रिकामाच होता. नुसतं 'सामाजिक उपक्रम'. मी तो परत पाठवला. कुठे, कोणत्या दिवशी, किती वाजता, किती तास, सही कोणाची, हे भरल्याशिवाय चेक निघणार नाही असं सांगितलं. मंडळातल्या दोघांना ते जाचक वाटलं. पुढे याच कागदांनी आम्हाला तारलं.

आता पैसे मागणं. पहिले तीन महिने आम्ही सपशेल पडलो. स्टेडियमबाहेर लोक गाड्यांच्या डिक्या उघडून मांस भाजत असतात, तिथे टेबल मांडून आम्ही उभे. क्यूआर कोड, महिना २५, १०० आणि ५०० डॉलरच्या पायऱ्या, छान रंगीत पत्रक. लोक पत्रक घेत, बर्गर देत आणि पुढे जात. एका शिक्षिकेने सरळ विचारलं, "मी माझ्या वर्गासाठी वह्या स्वतःच्या पैशाने आणते. याला शिष्यवृत्ती आहे. मी का देऊ?" माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि मी खोटं उत्तर दिलं नाही. आमच्या मराठी मंडळातही तेच. "अभ्यासाला दिले असते गं, खेळायला कशाला?" हे मी किती जणांकडून ऐकलं याची गणती नाही.

चूक आमची होती. आम्ही 'परंपरा', 'अभिमान', 'कुटुंब' असलं बोलत होतो, आणि ताकाला जाऊन भांडं लपवत होतो. जानेवारीत मी वडिलांसारखं केलं. एक कागद छापला. या महिन्यात ११ खेळाडू, प्रत्येकी ४०० डॉलर, चार तासांचं मुलांचं शिबिर, तारीख, जागा. जमा इतके, कमी पडतात इतके. तो कागद हातात दिला की माणूस थांबून वाचायचा. शाळेची बस चालवणाऱ्या एका आजोबांनी तो दोनदा वाचला आणि महिना २५ डॉलर लावले. म्हणाले, शिबिराला माझ्याच बसमधली मुलं आहेत. ते २५ डॉलर शेवटपर्यंत एकदाही चुकले नाहीत. फोनवरही मग मी पहिल्याच वाक्यात सांगायला लागले की पैशासाठी फोन केलाय. निम्मे लोक तिथेच नाही म्हणायचे, आणि उरलेल्यांशी बोलणं मोकळं व्हायचं.

जून २०२३ मध्ये पहिला दणका बसला. आम्ही करमुक्त धर्मादाय दर्जासाठी अर्ज केला होता आणि पत्रकावर 'देणगीवर करसवलत' असं छापलं होतं. अर्ज मंजूर होणारच, असं आमच्या वकिलाने सांगितलं होतं. आयआरएसने, म्हणजे इथल्या आयकर खात्याने, मेमो जाहीर केला की अशा बऱ्याच कलेक्टिव्हना तो दर्जा मिळू शकत नाही, कारण त्यांचा मुख्य फायदा समाजाला नव्हे तर ठरावीक खेळाडूंना होतो. मेमो वाचून मला राग आला नाही. खात्याचं म्हणणं बरोबर होतं. आमच्या दर डॉलरमधले ८० सेंट खेळाडूंना जात होते. फूड बँकेला मिळत होते ते त्यांचे तास.

मंडळात मत पडलं की गप्प राहू, कोण विचारतंय. मी म्हटलं, मग मी खजिनदार नाही. आम्ही अर्ज मागे घेतला, साधी कंपनी म्हणून नव्याने नोंदणी केली आणि १८३ देणगीदारांना पत्रं पाठवली. तुम्हाला करसवलत मिळेल असं आम्ही सांगितलं होतं, ती मिळेल असं आता वाटत नाही, पैसे परत हवे असतील तर कळवा. लिफाफ्यांवर तिकिटं लावायला माझी दोन्ही मुलं बसली होती. २१ जणांनी पैसे परत मागितले आणि आम्ही ते दिले. सात जणांनी रक्कम वाढवली. त्यांतल्या एका बाईने पत्राखाली लिहिलं होतं, "विचारल्याशिवाय खरं सांगणारी संस्था मी फार दिवसांनी पाहिली."

फुटबॉल आणि व्हॉलीबॉल हा आमच्यातला खरा वाद. मोठे देणगीदार चेकवर लिहून द्यायचे, 'फक्त फुटबॉल'. त्यांचा पैसा, त्यांची मर्जी. महिलांना खेळात समान संधी देणारा १९७२ चा टायटल नाइन कायदा विद्यापीठांना लागू, आमच्यासारख्या बाहेरच्या मंडळाला कुणी तो लावत नव्हतं. म्हणून काय करायचंच नाही? मी धरून बसले की ज्या पैशावर काही लिहिलेलं नाही त्यातला निम्मा मुलींना. मग ३० ऑगस्ट २०२३ ला नेब्रास्काच्या लिंकनमधल्या मेमोरियल स्टेडियमवर महिला व्हॉलीबॉलचा सामना पाहायला ९२,००३ माणसं आली. तो आकडा मी दुसऱ्या दिवशी मंडळाच्या कागदावर सगळ्यात वर लिहिला. त्या शरदात व्हॉलीबॉलच्या सगळ्या १४ मुलींशी करार झाले, प्रत्येकीला महिना ३०० डॉलर, मेअखेरपर्यंत.

त्या करारांच्या मागे एक मोठा शब्द होता. गावातल्या एका मोटार विक्रेत्याने तीन वर्षं दरसाल २०,००० डॉलर द्यायचं कबूल केलं होतं. पहिला हप्ता आला होता, दुसरा जानेवारी २०२४ मध्ये यायचा होता. नोव्हेंबरच्या शेवटी विद्यापीठाने फुटबॉलच्या प्रशिक्षकाला काढलं. हे गृहस्थ त्याचे मित्र. १ जानेवारी उलटली, पैसे नाहीत. चौथ्या दिवशी फोन आला, दोन मिनिटांचा. आता या विद्यापीठाला माझा एक सेंट नाही. मी म्हटलं, हे पैसे विद्यापीठाला जात नाहीत, मुलींना जातात. ते म्हणाले, सॉरी.

खात्यात ६,१०० डॉलर होते. मेपर्यंतची देणी २१,०००. वडील म्हणायचे, पावती फाडल्याशिवाय मंडपवाल्याला शब्द द्यायचा नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. मला हे ठाऊक असून मी त्या कबुलीवर करारांना मान्यता दिली होती. ही चूक माझी, ती मी बैठकीच्या सुरुवातीलाच सांगितली. एक सदस्य म्हणाले, व्हॉलीबॉलचे करार थांबवू, त्या मुली कुठे दुसऱ्या विद्यापीठात जाणार आहेत? मला बोलता येईना. त्या जाणार नाहीत म्हणून त्यांचे पैसे बुडवायचे? डॉक उठले, खिशातून चेकबुक काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "आधी फोन करू. उरलेलं आपण सहा जण भरू."

नऊ दिवस मी ऑफिस सुटल्यावर गाडीतच बसून फोन केले, कारण घरी मुलांसमोर तो आवाज निघत नव्हता. यादीतल्या प्रत्येकाला खरं तेच सांगितलं, एक मोठी रक्कम आली नाही, करार आम्ही केलेत, ते पाळायचेत. कुणी ५० दिले, कुणी ५००. करसवलत नाही, बदल्यात काही नाही. बस चालवणाऱ्या आजोबांनी १०० दिले आणि 'पुढच्या महिन्याचे २५ वेगळे' असं बजावलं. अभ्यासाला दे म्हणणाऱ्या मराठी मंडळातल्या एका डॉक्टरीणबाईंनी हजाराचा चेक पाठवला आणि चिठ्ठीत लिहिलं, "मी शाळेत खो-खो खेळायचे, घरच्यांनी बंद केलं." जमले ११,३००. उरलेले ३,६०० आम्ही सहा जणांनी भरले. एकाही मुलीचा चेक एक दिवस उशिरा गेला नाही.

एप्रिलमधली एक संध्याकाळ. व्हॉलीबॉलच्या संघातली लिबेरो, म्हणजे सबंध सामना मागच्या रांगेत जमिनीवर झोकून देणारी, आमच्या स्वयंपाकघरात बसली होती. सव्वापाच फूट उंची, दोन्ही कोपरं खरवडलेली. हातात आम्हीच पाठवलेला १०९९ फॉर्म, म्हणजे वर्षात किती पैसे दिले ते आयकरासाठी सांगणारा कागद, आणि डोळ्यांत पाणी. तिला वाटलं होतं पैसे मिळाले, संपलं. खेळाडू हे नोकर नाहीत, स्वतंत्र कंत्राटदार आहेत. त्यांच्या पैशातून कुणी कर कापत नाही. आयकर वेगळा आणि स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के वेगळा. तिने पैसे घरी पाठवले होते, वडिलांच्या ट्रकच्या दुरुस्तीला. मी चहा टाकला, तिचं रिटर्न भरलं, प्रवासाचा आणि फोनचा जो खर्च धरता येत होता तो धरला, आणि हप्ते बांधून घेतले. पण मला त्या रात्री झोप लागली नाही. वर्षभर मी पावत्या सांभाळल्या, आणि ज्यांच्यासाठी त्या फाडल्या त्या पोरींना हे कुणी सांगितलंच नव्हतं. पुढच्या शरदापासून पहिला चेक हातात देण्याआधी प्रत्येक खेळाडूला तासभर बसवायचं ठरलं. दर चेकमधले तीस टक्के वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही.

एकीला मात्र मी काहीच देऊ शकले नाही. टेनिसच्या संघात पुण्याची एक मुलगी होती, एफ-१ व्हिसावर. या व्हिसावरच्या विद्यार्थ्याने अमेरिकेत असं काम करून पैसे घेतले तर व्हिसाच धोक्यात. ती मुलांच्या शिबिराला दर वेळी यायची, बाकीच्यांइतकीच चेंडू गोळा करत धावायची, आणि शेवटी सगळ्या मुली सह्या करून पाकिटं घेत तेव्हा रॅकेट भरायच्या निमित्ताने बाजूला व्हायची. मी तिला घरी जेवायला बोलावायची. वरणभात, बटाट्याची भाजी, मिरचीचा ठेचा. "काकू, मला वाईट नाही वाटत," म्हणायची. मला वाटायचं. अजून वाटतं. हा नियम बदलायला हवा आणि जिथे जिथे बोलायची संधी मिळते तिथे मी ते बोलते.

६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध भरलेल्या हाऊस खटल्यातली तडजोड मंजूर केली आणि सगळा पट बदलला. जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई, आणि १ जुलैपासून विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. आमच्यासारखं मध्यम विद्यापीठ त्या आकड्याच्या जवळपासही जात नाही. ६०० डॉलर किंवा त्याहून मोठा बाहेरचा प्रत्येक करार आता एनआयएल गो नावाच्या प्रणालीत नोंदवायचा, आणि त्यामागे खराखुरा व्यावसायिक हेतू दाखवायचा. जुलैमध्ये आधी सांगितलं गेलं की कलेक्टिव्हचे करार त्यात बसणारच नाहीत. महिनाअखेर ते सौम्य झालं. पण आमच्या मंडळातल्या तिघांनी तोपर्यंत हात टेकले होते. मोठे देणगीदार थेट विद्यापीठाकडे वळले. आम्ही खातं बंद करायला निघालो, आणि मग डॉक म्हणाले, गावात दुकानं आहेत ना?

तेव्हापासून आम्ही वर्गणी मागत नाही, जोड्या जुळवतो. टायरवाला, दात सरळ करणारा डॉक्टर, नर्सरी, आमचं इंडियन ग्रोसरीचं दुकान. दुकानाची मालकीण गुजराती, तिचं सामान मी पंधरा वर्षं नेते. तिला कॉलेजची पोरं दुकानात यायला हवी होती. शेवटच्या वर्षाला आलेल्या त्या लिबेरोशी तिचा करार झाला, ७५० डॉलर, तीन पोस्ट आणि दिवाळीच्या आठवड्यात एका रविवारी दोन तास दुकानात. एनआयएल गोवर 'व्यावसायिक हेतू' या रकान्यात मालकिणीने स्वतः सांगितलं ते मी भरलं: विद्यार्थी ग्राहक वाढवणे, मसाला चहा आणि फराळाची विक्री. करार मंजूर झाल्याचा ईमेल आला तेव्हा ती काउंटरवर कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. ओल्या हाताने तिने फोन घेतला आणि तो दोनदा वाचला.

त्या रविवारी थंडीचा पाऊस होता. तरी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. लिबेरो दाराशी उभी राहून चकलीचे तुकडे वाटत होती आणि 'चकली' हा शब्द प्रत्येकाला बरोबर उच्चारून दाखवत होती, मीच शिकवलेला. दोन तास झाल्यावर तिने स्वतः बिल लिहिलं, तारीख, तास, रक्कम, सही. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात '२२५ बाजूला' असं टिपलं होतं. बाहेर पाऊस वाढला होता आणि तिला संध्याकाळच्या सरावाला जिमवर पोचायचं होतं. करारातलं सहावं कलम मी मुद्दाम घातलं होतं: खेळाडूची ने-आण आयोजकांकडून. डॉकनी गाडी अगदी दाराला आणून लावली होती, हीटर चालू ठेवून.